हशूदादांचा मंघ

उल्हासनगर ते बदलापूर ह्या पट्ट्यात मी उभी हयात गवंडीकाम केलं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण ओळंबा धरला की भिंत खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं. आणि ह्या हातांनी मी जे बंगले बांधले, त्यांतले बहुतेक आठवले की आजही तोंड कडू होतं. बांधकाम माझं चोख होतं, त्यात कुणी बोट ठेवून दाखवावं. ओकारी येते ती त्यांच्या थाटाची. गच्चीवर सिमेंटचं विमान. फाटकावर सिंह, त्यांची तोंडं मांजरासारखी. दिवाणखान्यात कारंजं, आणि स्वयंपाकघरात धूर जायला वीतभर भोक नाही. मालक मराठी असो, सिंधी असो, गुजराती असो, पैसा आला की सगळ्यांना एकच रोग व्हायचा. कुठल्यातरी गुळगुळीत मासिकातलं पान फाडून आणायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, असंच पायजे."

ह्या सगळ्या बंगल्यांना माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं नावं ठेवणारा एकच माणूस मला भेटला. हशमतराय त्याचं नाव. सगळे हशूदादा म्हणायचे.

उल्हासनगरात त्यांचं दुकान होतं, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, खिट्ट्या ह्यांचं. दुकानाच्या मागेच बराकीतली खोली. लष्कराच्या जुन्या बराकी त्या. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांना तिथं ठेवलं आणि ते तिथलेच झाले. दादा बुटके, रंगानं गोरे, नाक धारदार. अंगात सदा धुतलेला लेंगा-सदरा. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीच्या खिट्ट्या मागितल्या. त्यांनी खिट्ट्या काढल्या नाहीत. विचारलं, "खिडकी किधर खुलती है?"

मी म्हटलं, "बाहेर."

"बाहेर म्हणजे किधर? बाहेर तो पूरी दुनिया है."

"गल्लीकडं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे."

"मग खिडकी कशाला करतोस, साईं? भिंतीला भिंत बघायची आहे का? जा, आधी खिडकी सरकव, मग खिट्टी घेऊन जा."

मला राग आला. मी काय कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. म्हटलं, "तुम्ही खिट्ट्या विका, खिडक्या मी बघतो." त्यांनी गल्ला बंद केला आणि पेपर वाचायला घेतला. शेवटी मी दुसऱ्या दुकानातून खिट्ट्या आणल्या. पण खिडकी हातभर सरकवली. का सरकवली ते मालकाला सांगितलं नाही आणि हशूदादांना तर मुळीच सांगितलं नाही. ते मात्र आठवड्याभरात स्वतःच बांधकामावर हजर. खाली उभं राहून खिडकी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चाय पिओगे?" तिथून आमची दोस्ती.

त्यांना एक खोड होती. कुठल्याही नव्या घरात शिरले की खिशातला रुमाल काढायचे, दोन बोटांत एका टोकाला धरायचे आणि खोलीच्या मधोमध उभे राहायचे. रुमाल हलला तर मान डोलावायचे. लोंबत राहिला तर म्हणायचे, "मुर्दा." बस्स, एवढंच. मग त्या घरात ते पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत.

अंबरनाथला एका कंत्राटदाराच्या बंगल्याची वास्तुशांत होती. बांधकाम माझं, कड्या-कोयंडे दादांचे, म्हणून दोघांनाही बोलावणं. बंगला म्हणजे काय सांगावं! बाहेरून बोटीसारखा, गोल गोल खिडक्या, त्या न उघडणाऱ्या. न्हाणीघरात हंसाच्या मानेचे सोनेरी नळ. मालक आपला माझ्याच मराठवाड्याकडचा माणूस, काल-परवापर्यंत खडीच्या ट्रकवर बसून यायचा, आता घरात बूट घालून फिरत होता. पाहुण्यांना एकेक खोली दाखवत होता. एसीची पेटी दाखवली तेव्हा बायकांनी हात लावून बघितलं. दादांनी मधल्या खोलीत रुमाल धरला. रुमाल हलला नाही.

मालक हसून म्हणाला, "काय दादा, जादू दाखवताय?"

दादा म्हणाले, "साईं, एक विचारू? ह्यात माणसं राहणार की लोणचं?"

पंगत बसायची होती. मालकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. दादा चपला घालून निघाले, आणि मीही निघालो. जेवण चांगलं होतं असं नंतर कळलं, बासुंदी होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

रस्त्यानं येताना त्यांनी मला पहिल्यांदा मंघ म्हणजे काय ते सांगितलं. त्यांचं बालपण सिंधमधल्या हैदराबादेत एका मोठ्या हवेलीत गेलं. तिथं प्रत्येक घराच्या धाब्यावर, प्रत्येक खोलीसाठी, एक उंच चौकोनी धुराडं असायचं, वर तिरकं छप्पर आणि समुद्राच्या दिशेला उघडं तोंड. वारा त्या तोंडात शिरायचा आणि भिंतीतून खाली खोलीत उतरायचा. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि खाली माणूस चादर ओढून झोपलाय. सगळं शहर असं, हजारो तोंडं एकाच दिशेला उघडी. त्याला म्हणायचे मंघ.

"तुमची हवेली केवढी होती?" मी विचारलं.

ते थांबले. "हमारी नहीं थी. मालकाची होती. माझा बाप तिथं मुनीम. आम्ही खालच्या अंधाऱ्या खोलीत." मग बोट वर करून म्हणाले, "पण मिस्त्री, त्या खोलीवरही मंघ होता. मालकावर जो वारा यायचा तोच आमच्यावर. वो लोग घर बनाना जानते थे."

बराकीतल्या आपल्या खोलीच्या छपराला त्यांनी स्वतः भोक पाडून वर पत्र्याचं असलंच एक तोंड बसवलं होतं. वाकडंतिकडं, तारेनं बांधलेलं. पाऊस आला की शिडी लावून ते उतरवायचे आणि भोकावर पत्रा ठोकायचे. सगळी गल्ली हसायची. मे महिन्यात मी दुपारी तिथं गेलो की हसणाऱ्यांतलेच दोघंतिघं त्याच्याखाली आडवे झालेले दिसायचे. त्यांच्या मुलाला मात्र त्या पत्र्याची भयंकर लाज वाटायची.

मुलगा म्हणजे गोपीशेठ. कपड्याच्या धंद्यात त्यानं बरकत केली आणि नव्वदीनंतर बदलापूरला कात्रपमध्ये जागा घेऊन बंगला काढला. काम मलाच दिलं, दादांच्या ओळखीनं. नकाशा उलगडून बघितला. पुढं जाडजूड खांब, त्यांना वर फुलांचे गुच्छ. मधोमध घुमट. जिना असा वळणाचा की सिनेमातली नटीच त्यावरून उतरावी. जमिनीला पांढरा संगमरवर. मी विचारलं, "शेठ, हे देऊळ आहे का कचेरी?" तो म्हणाला, "मिस्त्री, महल है महल. तुम बस बनाओ."

बंगला उभा राहत होता आणि बाप बराकीतून हलायला तयार नव्हता. गोपीशेठची पंचाईत ही की महाल बांधला आणि बापाला बराकीत टाकला, असं बिरादरीत कुणी म्हणायला नको. दादांनी एकच अट घातली. माझ्यासमोर घातली, दुकानात.

"माझ्या खोलीवर मंघ पायजे. पक्का. मिस्त्री बांधेल. बांधलास तर येतो, नाहीतर मी इधरीच मरतो."

"दादा, एसी लावतो ना तुमच्या खोलीत."

"एसी तू लाव तुझ्या मेहुण्याला."

गोपीशेठनं कपाळाला हात लावला. वास्तूवाल्या पंडितानं नैर्ऋत्येला तोंड नको म्हणून वेगळा घोळ घातला, पण दादांनी त्याला असं काही सुनावलं की तो परत आलाच नाही. शेवटी घुमटाच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, मंघ ठरला.

मी असलं काम पूर्वी केलं नव्हतं. दादा खडूनं फरशीवर आखून दाखवायचे, मी बांधायचो. तोंड कुठल्या दिशेला ह्यावर आमचं कडकडून भांडण झालं. शेवटी मलंगगडाच्या अंगाला तोंड ठेवलं, कारण उन्हाळ्यात दुपारी वारा तिकडून येतो हे दोघांनाही मान्य होतं.

मी म्हटलं, "दादा, पावसाळ्यात पाऊसही तिकडूनच येतो. तुमच्या बराकीसारखा वर पत्रा ठोकता येईल असं करू. चार महिने बंद."

"पक्क्या घराला पत्रा? नाही. किवाड लावायचं, झडपेसारखं. आमच्याकडे लाकडाचं किवाड असायचं, थंडीत दोरीनं ओढून बंद करायचे."

"तुमच्याकडे पाऊस किती?"

"वर्षातून एकदा येतो, पाहुण्यासारखा. चाय पिऊन जातो."

"इथला पाऊस पाहुणा नाही, दादा. इथं तो घरजावई आहे."

ते हसले, पण किवाडावरून हटले नाहीत. सिंधमध्ये जे वर्षानुवर्षं चाललं ते इथं का नाही चालणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुतारानं किवाड करून दिलं, वरच्या तोंडाशी, खाली दोरी सोडून.

एप्रिल संपता संपता ते लोक राहायला आले. त्या दिवशीचं मी विसरणार नाही. पाहुणे खाली, घुमटाखाली उभे राहून घामानं निथळत होते. वीज गेली होती, एसी बंद. दादांनी मला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि ओढून बांधलेली दोरी सोडली. वर किवाड उघडलं. क्षणभर काहीच नाही. मग भिंतीतून एक आवाज आला, कुणी लांबून फुंकर घालावी तसा, आणि वारा खाली उतरला. त्यांनी रुमाल धरला होता, तो हातातून सुटून भिंतीला जाऊन चिकटला. दादा पलंगावर बसले. मग म्हणाले, "बाबा की खोली."

त्या मे महिन्यात त्या महालात राहण्यासारखी खोली एकच होती. सून दुपारचं काम आटोपून तिथं येऊन पडायची. गोपीशेठसुद्धा चोरून यायचा, मी बघितलाय, कुंपणाचं काम चालू होतं तेव्हा. पांढरा संगमरवर रिकामा, सोफे प्लास्टिकच्या कव्हरात, आणि सगळं घर म्हाताऱ्याच्या खोलीत चटईवर.

मग पावसाळा आला. किवाडाचं लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि उघडंच अडकून बसलं. दादांनी दोरी ओढ ओढ ओढली, दोरी तुटली. मलंगगडाकडचा पावसाचा सपका सरळ तोंडात शिरला आणि धुराड्यातून खाली. दादांनी कुणाला सांगितलं नाही. खाली बादली ठेवली, पलंग सरकवला, स्वतःच्या सदऱ्यानं फरशी पुसत राहिले. सून सांगत होती, आम्हाला वाटलं, म्हातारा दार लावून जप करतोय. तीन-चार दिवस त्यांनी असं रेटलं. मग पाणी दाराखालून बाहेर आलं, दिवाणखान्यात पसरलं, आणि संगमरवरावर गंजाचे पिवळे डाग पडले. कशाचे, तर बादलीच्या बुडाचे.

गोपीशेठनं मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर तो फरशीवर ओणवा होऊन डाग घासत होता. बाप कोपऱ्यात भिजलेल्या लेंग्यात उभा. त्याला कुणी कोरडं कापड दिलं नव्हतं. हे मी लिहितोय तेव्हाही माझं डोकं तापतं. दगड पुसत होता, बाप पुसला नाही.

"मिस्त्री, ते भोक आज बंद कर. वर स्लॅब टाक."

मी म्हटलं, "स्लॅब कशाला? वर पत्र्याची टोपी करतो. पावसात चढवायची, दिवाळीला काढायची. काम एका दिवसाचं."

"पत्रा? माझ्या बंगल्यावर? बराकीसारखं दिसेल."

"मागच्या बाजूला आहे शेठ, कावळ्याशिवाय कुणी बघत नाही."

"मला माहीत आहे ना, की तिथं पत्रा आहे!"

दादा म्हणाले, "गोपी पुट, बेटा, मी चढवीन पत्रा. मी स्वतः चढवीन." त्या आवाजात मी दादांना कधी ऐकलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला हाकलणारा माणूस पोराची मनधरणी करत होता.

"दादा, तुम्ही बसा."

मी थापी पिशवीत घातली. म्हटलं, "मी बांधलेलं मी बुजवत नसतो. दुसरा बघा." आणि निघालो. माझं राहिलेलं कुंपणाचं काम सोडलं, परत गेलो नाही. दुसरा मिळालाच, असल्या कामाला माणसं मिळतात. त्यानं वर स्लॅब टाकला आणि लिंपून टाकलं.

पण खरी शिसारी मला पुढं आली. दिवाळीनंतर गोपीशेठनं बिरादरीतल्या बड्या लोकांना जेवायला बोलावलं. आसपासच्या बंगलेवाल्यांनाही. माझं शेजारच्या प्लॉटवर नवीन काम सुरू झालं होतं, तिथला मालक मला ओढून घेऊन गेला, "चल, हवेलीतला मंघ बघू" म्हणून. मला वाटलं उघडला असेल, म्हणून गेलो.

दादांच्या खोलीत सगळे गोळा झाले होते. धुराड्याच्या खालच्या तोंडाला पितळी जाळी बसवली होती, तिच्यात झुंबर लोंबत होतं, आणि आत विजेचा पंखा लपवला होता. गोपीशेठनं बटण दाबलं. घुरघुर करत वारा आला. बायका "वा वा" म्हणाल्या. दादांना नवीन कोट घालून त्याच्याखाली खुर्चीवर बसवलं होतं.

"आमच्या आजोबांची हैदराबादला हवेली होती," गोपीशेठ सांगत होता, "त्यात असे चाळीस मंघ होते. दादांचा शौक, म्हटलं, पुरा करू."

दादा म्हणाले, "मुनीम होता."

"काय, दादा?" एका पाहुण्यानं विचारलं.

"माझा बाप. मुनीम होता. हवेली मालकाची. आणि हा पंखा आहे."

गोपीशेठ हसला, पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "उमर हो गई है." आणि सगळे समजूतदार माना हलवत जेवायला गेले. आमचा मालक जाता जाता म्हणाला, "मिस्त्री, आपल्या बंगल्यात पण असं काही करता येईल का रे? पंख्याचं?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या घराचं पाणी मी घेतलं नाही. दादांना बोलावं म्हणून वळलो, तर ते जाळीकडे बघत बसले होते आणि त्यांना माझी ओळख दाखवायची नव्हती, असं मला वाटलं. माणसाला कुणी कुठल्या कपड्यात बघू नये असं असतं, तसं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांना एकदाच बघितलं. शेजारच्या त्याच बंगल्याचं काम वरच्या मजल्यापर्यंत आलं होतं. भिंती उभ्या, पण दारं-खिडक्यांची अजून नुसती भगदाडं. दुपारी मजूर झाडाखाली जेवत होते, मी विड्या विसरलो म्हणून वर गेलो. मागच्या खोलीत सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीवर दादा बसले होते. तो जिना, कठडा नसलेला, ते कसे चढले असतील देव जाणे. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. मलंगगडाकडच्या भगदाडातून वारा सरळ आत येत होता आणि समोरच्या भगदाडातून निघून जात होता, मध्ये त्यांचे पांढरे केस आणि सदरा फडफडत होता. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलेत. मग बघितलं तर ओठ हलत होते, कुणाशी तरी बोलत होते, सिंधीत, लहान पोरानं बोलावं तसं भराभर.

मी हाक मारली नाही. विड्या तिथंच राहू दिल्या आणि पाय न वाजवता खाली आलो. मजूर उठायला लागले होते. म्हटलं, "बसा रे अजून घटकाभर, ऊन आहे." ते बघतच राहिले, मी असं कधी म्हणत नसे.

ट्रक फाटकाशी उभा होता. खिडक्यांच्या चौकटी आल्या होत्या, आणि वरच्या खोल्यांसाठी मालकानं मागवलेल्या, न उघडणाऱ्या, काळ्या काचा.